अक्कलकोट परिसरातील खडक

सोलापूर जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यातील, कर्नाटकाला भिडलेल्या अक्कलकोट तालुक्याचा खडक म्हणजे दख्खनचा काळा पाषाण (बेसाल्ट). सुमारे ६·६ कोटी वर्षांपूर्वी भूकवचाच्या भेगांतून आलेला लाव्हा थरावर थर साचून थिजला व हा अग्निज खडक झाला. डायनोसॉरांच्या अंताशी या उद्रेकांचा संबंध कितपत, हे वादग्रस्त आहे.

जाडी : सर्वांत चांगला पुरावा जवळच्या लातूर जिल्ह्यात मिळाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या ६१७ मी. खोल छिद्रात ३३८ मी. बेसाल्ट, त्याखाली जेमतेम ८ मी. गाळाचा खडक आणि मग ग्रॅनाइट-नाइस गटाचा पाया लागला. पश्चिमेकडील कोयना भागात बेसाल्ट ९०० मी.हून अधिक भरला. म्हणजे पूर्वेकडे थर पातळ होत जातात. कलबुर्गी जिल्ह्यात ते संपतात तेथे खालचा भीमा गटाचा चुनखडक उघडा पडतो. अक्कलकोटकडे घरोघरी घातलेली शहाबादी फरशी ती हीच. सागरी गाळापासून झालेली, काळ्या पाषाणाहून कितीतरी जुनी.

अपक्षय : खडक बदलतो कसा, हे विहिरीच्या उघड्या कडेवर पाहावे. तळाशी सुरुंगाशिवाय न हलणारा निळसर काळा पाषाण. जेथे लाव्ह्यातील वायूचे बुडबुडे अडकले तेथे सच्छिद्र मांजऱ्या. त्याच्या पोकळ्यांत पाण्याने पुढे झिओलाइट व कॅल्साइट भरले. वर सांध्यांतून पाणी शिरते, ठोकळ्यांचे कोपरे आधी झिजतात आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोटे उरतात. त्यांचा मुरूम होतो. तपकिरी रंग गंजलेल्या लोहाचा. फेल्स्पार व पायरोक्सीन कुजून फुगणारी चिकणमाती होते, ती काळी जमीन. उन्हाळ्यात हिला हात जाईल अशा भेगा पडतात. भीमा व बोरी नद्यांकाठची काळी मात्र बरीचशी वाहून आलेली आहे.

पाऊस बेताचा असल्याने चुना पुरता धुपून जात नाही, तो मातीत कंकर होऊन साठतो. अतिवृष्टीच्या महाबळेश्वरी याच बेसाल्टचा जांभा झाला. तो आजच्या पावसाचा की जुन्या हवामानाचा, याविषयी मतभेद आहेत.

रूपांतरित खडक : पृष्ठभागावर नाहीत.

उपयोग : खडी, बांधकामाचा दगड, रस्त्यासाठी मुरूम, पूर्वी कंकर भाजून चुना.