गाडीचा फ्युएल पंप घरी बदलता येतो का? आधी काय तपासायचं, काम कसं करायचं आणि कुठे थांबायचं?

किल्ली फिरवली, सेल्फ मारला, इंजिन गरगर फिरतंय पण गाडी काही सुरू होत नाही. किंवा घाट चढताना गाडीचा दम जातो, धक्के बसतात आणि ती बंद पडते. अर्ध्या तासाने थंड झाल्यावर पुन्हा सुरू होते. अशा वेळी मेकॅनिककडून हमखास एक निदान ऐकायला मिळतं: "पंप गेलाय."

पंप बदलण्याचे व्हिडिओ मोबाईलवर भरपूर सापडतात. मागची सीट उचलायची, झाकण काढायचं, जुना पंप बाहेर आणि नवा आत. पाहताना काम अर्ध्या तासाचं वाटतं, आणि बऱ्याच गाड्यांमध्ये ते खरोखर फार किचकट नसतं. पण त्यात दोन गोष्टी अवघड आहेत. पंपच बिघडलाय याची खात्री करणं आणि उघड्या टाकीतून येणाऱ्या पेट्रोलच्या वाफेपासून स्वतःला सांभाळणं. या दोन्ही जमणार असतील तरच पाना हातात घ्यावा.

फ्युएल पंप नेमकं काय करतो?

कार्ब्युरेटरच्या काळातल्या गाड्यांमध्ये, उदाहरणार्थ जुन्या मारुती ८०० मध्ये, पंप इंजिनला बाहेरून लावलेला असे. तो कॅमशाफ्टच्या हालचालीवर चालायचा आणि अगदी कमी दाबाने पेट्रोल पुढे ढकलायचा. २००० च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले, इंजेक्शनवर चालणारी इंजिनं आली आणि पंप थेट पेट्रोलच्या टाकीत गेला.

आजच्या साध्या एमपीएफआय गाडीत हा पंप म्हणजे १२ व्होल्टची छोटी इलेक्ट्रिक मोटर असते. ती साधारण ३ ते ४ बार दाबाने पेट्रोल इंजिनापर्यंत पोहोचवते. तुलनेसाठी, कारच्या टायरमध्ये हवेचा दाब २ ते २.५ बार असतो. त्यामुळे पेट्रोलची नळी नीट तयारी न करता सोडली तर पेट्रोल नुसतं गळत नाही, त्याची चिळकांडी उडते.

टाकीत ही मोटर एकटी नसते. जाळी, दाब राखणारा रेग्युलेटर आणि पेट्रोलचा काटा दाखवणारा फ्लोट यांच्यासह ती एका प्लास्टिकच्या साच्यात बसवलेली असते. या पूर्ण संचाला मॉड्युल किंवा असेंब्ली म्हणतात.

डिझेल गाडी असेल किंवा पेट्रोलचं डायरेक्ट इंजेक्शन इंजिन असेल, तर इंजिनाजवळ वेगळा हाय प्रेशर पंप असतो. तिथला दाब शेकडो बार असतो आणि कॉमन रेल डिझेलमध्ये तो हजार बारच्या पुढे जातो. एवढ्या दाबाची धार कातडी फोडून आत शिरते. तो पंप घरी उघडायचाच नाही. या लेखात फक्त टाकीतल्या पेट्रोल पंपाचा विचार केला आहे.

पंप लवकर का बिघडतो?

टाकीतलं पेट्रोलच या मोटरला थंड ठेवतं. कायम रिझर्व्हवर गाडी चालवली की मोटर तापते आणि तळाचा गाळ जाळीत ओढला जातो. सीएनजी गाड्यांमध्ये हे जास्त दिसतं. पेट्रोल नावापुरतं ठेवलेलं असतं, पण बाहेरून बसवलेल्या अनेक किटमध्ये गाडी सीएनजीवर असतानाही पंप चालूच राहतो. म्हणून सीएनजीवाल्यांनीही टाकी किमान पाव भरलेली ठेवावी.

दुसरं कारण म्हणजे पाणी आणि जुनं रबर. इथेनॉल पाणी शोषून घेतं. आता २० टक्के इथेनॉलचं, म्हणजे ई२० पेट्रोल सर्रास मिळतं. जुन्या गाडीत बदलायचे सील आणि नळ्या ई२० ला चालणाऱ्या आहेत का, हे घेतानाच विचारावं.

कधी कधी दोष मुळातच असतो. जुलै २०२० मध्ये मारुती सुझुकीने वॅगनआर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या फ्युएल पंप तपासण्यासाठी परत बोलावल्या होत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये होंडा कार्स इंडियाने याच कारणासाठी ९० हजारांहून जास्त जुन्या गाड्यांचा रिकॉल जाहीर केला. रिकॉलमध्ये सदोष भाग मोफत बदलून मिळतो. त्यामुळे पहिलं काम सीट उचलण्याचं नाही. आरसी बुकावरचा चासी नंबर घ्या आणि कंपनीच्या वेबसाइटवर किंवा सर्व्हिस सेंटरला फोन करून गाडी रिकॉलमध्ये आहे का ते पाहा. गाडी वॉरंटीत असेल तरीही स्वतः हात लावू नका.

पंपच बिघडलाय हे कसं ओळखायचं?

पंप महाग असतो आणि एकदा बसवलेला इलेक्ट्रिकल पार्ट दुकानदार सहसा परत घेत नाही. म्हणून खालच्या क्रमाने तपासा.

१. आवाज ऐका. गाडीतलं सगळं बंद करा आणि इंजिन सुरू न करता किल्ली फक्त 'ऑन' करा. बहुतेक गाड्यांमध्ये मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक घरघर येते. म्हणजे पंपाला वीज मिळतेय आणि मोटर फिरतेय.

२. आवाज नसेल तर फ्यूज आणि रिले पाहा. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो. त्याच नंबरचा दुसरा रिले, उदाहरणार्थ हॉर्नचा, तात्पुरता अदलाबदल करून बघा. काही वेळा दुरुस्ती इथेच संपते.

३. वीज मोजा. पंपाच्या सॉकेटवर मल्टीमीटर लावा आणि दुसऱ्याला किल्ली ऑन करायला सांगा. दोन-तीन सेकंद १२ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. वीज येत नसेल तर दोष वायरिंगमध्ये किंवा त्याच्याही पुढे आहे. नवा पंप बसवूनही गाडी सुरू होणार नाही.

४. वीज येते पण पंप गप्प आहे? कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि गाडीखाली न शिरता, बाजूने हात घालून टाकीवर मुठीने हलके ठोके द्या. गाडी सुरू झाली तर मोटरचे ब्रश झिजलेले असण्याची शक्यता मोठी आहे.

५. पंप वाजतो पण गाडी सुरू होत नाही? मग दाब मोजायला हवा. फ्युएल प्रेशर गेज गॅरेजमध्ये असतो. दाब कमी असेल तर पंपाइतकाच संशय तुंबलेल्या फिल्टरवर आणि रेग्युलेटरवर घ्यावा लागतो.

६. ओबीडी स्कॅनर मिळाला तर कोड वाचा. पी०२३० म्हणजे पंपाच्या सर्किटमध्ये दोष. पी००८७ म्हणजे पेट्रोलचा दाब कमी. पी०३३५ आला तर मात्र गुन्हेगार क्रँक सेन्सर असू शकतो. इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळलं नाही की तो पंपाची वीज स्वतःच तोडतो आणि चांगला पंप बदनाम होतो.

खरा धोका कशात आहे?

पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, मग आपल्याकडच्या उन्हाळ्याचं काय सांगावं! ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागेत साचते. हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेलं की एक ठिणगी पुरते.

म्हणून सोसायटीच्या बेसमेंटमध्ये किंवा बंद गॅरेजमध्ये हे काम करायचं नाही. मोकळी, सावलीची आणि वारा खेळणारी जागा निवडा. जवळपास गॅस गिझर, इन्व्हर्टर, देवघरातला दिवा, सिगारेट, वेल्डिंग यापैकी काहीही नको. ड्राय पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा आणि तो चालवता येणारा एक माणूस सोबत असू द्या. कपडे सुती असावेत, नायलॉनचे नकोत. टाकी उघडण्याआधी गाडीच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज निघून जाईल.

टाकी पाव भागापेक्षा कमी भरलेली असावी. जास्त असेल तर हातपंपाने काढा. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढायची जुनी सवय जिवावर बेतू शकते, कारण पेट्रोल फुप्फुसात जातं. काढलेलं पेट्रोल पाण्याच्या बाटलीत भरू नका. पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येतं, पण भांडं घट्ट झाकणाचं हवं आणि धातूचं भांडं २५ लिटरपेक्षा मोठं नको.

काम कसं करायचं?

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. पेट्रोलचं झाकण उघडून टाकीतला दाब सोडा.

२. पंपाचा फ्यूज काढून इंजिन सुरू करा. नळीतलं पेट्रोल संपलं की ते आपोआप बंद पडेल. पंप आधीच मेलेला असेल तरी काही सेकंद सेल्फ मारा.

३. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि लांब ठेवा.

४. मागच्या सीटची गादी उचला. खाली पत्र्याचं किंवा रबराचं झाकण दिसेल. काही गाड्यांमध्ये ते नसतंच, पूर्ण टाकी खाली उतरवावी लागते. तसं असेल तर काम गॅरेजला द्या. पत्रा कापून भोक पाडायचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नका.

५. झाकणाखाली साचलेली धूळ ब्रशने आणि ओल्या फडक्याने साफ करा, नाहीतर ती थेट टाकीत पडेल. व्हॅक्युम क्लीनर इथे वापरू नका, त्याच्या मोटरमध्ये ठिणग्या पडतात.

६. वायरचं सॉकेट काढा. नळ्यांचा आणि मॉड्युलच्या दिशेचा फोटो आधीच काढून ठेवा आणि मग मोबाईल बाजूला ठेवा. क्विक कनेक्टरभोवती फडकं गुंडाळा, दोन्ही बाजूंची क्लिप दाबा आणि नळी सरळ ओढा. जोर लावून पिळलं तर प्लास्टिक तुटतं.

७. मॉड्युल धरून ठेवणारी रिंग सोडवा. ती अडकली तर लाकडाचा ठोकळा किंवा पितळी सळई वापरा. लोखंडावर लोखंड ठोकलं की ठिणगी पडू शकते.

८. मॉड्युल थोडं तिरकं करत वर घ्या. फ्लोटची दांडी वाकली तर पुढे पेट्रोलचा काटा कायम खोटं बोलेल. बाहेर काढताना आतलं पेट्रोल भांड्यात निथळू द्या आणि टाकीचं तोंड स्वच्छ सुती फडक्याने झाका.

९. टाकीत डोकावून बघा. तळाला गाळ किंवा पाणी असेल तर आधी टाकी साफ व्हायला हवी. तशीच ठेवली तर नवा पंपही फार दिवस टिकणार नाही.

१०. नवं मॉड्युल जुन्याशी शेजारी ठेवून जुळवा. जुना सील पुन्हा वापरायचा नाही, नवाच बसवायचा. सिलिकॉनचा थर लावून गळती थांबत नाही, पेट्रोल तो खाऊन टाकतं.

११. बाणाची खूण जुळवून मॉड्युल बसवा, रिंग घट्ट करा, नळ्या 'टक' आवाज येईपर्यंत दाबा आणि ओढून खात्री करा.

पूर्ण मॉड्युल घ्यावं की फक्त मोटर?

बाजारात सुटी मोटर मिळते आणि ती बरीच स्वस्त पडते. पण मॉड्युल उघडून मोटर बसवताना आतल्या क्लिपा आणि बारीक नळ्या तुटण्याची भीती असते. पहिल्यांदाच करणाऱ्याने पूर्ण मॉड्युल घेणं सोयीचं. पार्ट मॉडेलच्या नावावर न घेता चासी नंबर सांगून घ्या. एकाच मॉडेलमध्ये वर्षानुसार दाब आणि सॉकेट बदलतात. नकली पार्ट टाळण्यासाठी पक्कं बिल मागा.

बसवल्यावर काय तपासायचं?

मॉड्युलवरचं झाकण आणि सीट लगेच लावू नका. फ्यूज परत बसवा, बॅटरी जोडा आणि इंजिन सुरू न करता किल्ली चार-पाच वेळा ऑन-ऑफ करा, म्हणजे नळीत दाब तयार होईल. दर वेळी सांध्यांवर कोरडं फडकं फिरवा. ते ओलं झालं तर किल्ली बंद करा, बॅटरीची वायर पुन्हा काढा आणि नळी व सील नव्याने बसवा. कोरडं राहिलं तर इंजिन सुरू करा, दहा मिनिटं चालू द्या आणि पुन्हा पाहा. मगच झाकण आणि सीट लावा.

पेट्रोलने भिजलेली फडकी मोकळ्यावर पसरून पूर्ण सुकवा, कचऱ्याच्या डब्यात कोंबू नका. उरलेलं स्वच्छ पेट्रोल टाकीत परत ओतता येतं, पण गटारात एक थेंबही नको. तिथे वाफ साचते आणि लांबवर पेट घेऊ शकते.

दुसऱ्या दिवशी गाडीचं दार उघडल्यावर पेट्रोलचा वास आला, तर तो कालचाच असेल असं समजून गाडी सुरू करू नका. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, बॅटरीची वायर काढा आणि मेकॅनिकला गाडीपाशी बोलवा. घरी काम करून वाचलेले मजुरीचे पैसे मागच्या सीटवर बसणाऱ्या माणसांपेक्षा मोठे नाहीत.