बालकांची वेदना आणि बधिरतेची विद्या

लहान मुलाचा अंतर्गळ दुरुस्त करणे किंवा त्याची सुंता करणे ही सर्जनाच्या लेखी किरकोळ शस्त्रक्रिया होय. परंतु ज्याच्या अंगावर ती होते त्याच्या लेखी ती किरकोळ आहे काय, हा प्रश्न वैद्यकशास्त्राने फार उशिरा विचारला. कामगार चळवळीत आयुष्य गेल्यामुळे आम्हांला एक खोड जडली आहे. एखादी सोय निघाली असे ऐकले की ती प्रत्यक्ष कोणाच्या पदरात पडली, हे आम्ही आधी पाहतो. शरीराचा हवा तेवढाच भाग बधिर करण्याच्या विद्येचा इतिहास आम्ही त्याच नजरेने वाचला.

आरंभ 1884 चा. कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो, हे व्हिएन्नातील कार्ल कोलर या तरुण डॉक्टराने शोधून काढले. हायडेलबर्गच्या परिषदेला जाण्यापुरतेही पैसे त्याच्यापाशी नव्हते. त्याचा निबंध दुसऱ्याने वाचून दाखविला. पुढे 1898 साली जर्मनीत कील येथे ऑगस्ट बिअरने पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात, कोकेन सोडून रुग्णाचे पाय बधिर केले. वेदनेची वार्ता मज्जातंतूंवाटे मेंदूकडे जाते. वाटेतच औषध घातले की ती तिथे अडते, एवढेच यामागील तत्त्व. बिअरचा पहिला रुग्ण एक मजूर होता, आणि पहिल्या काही रुग्णांत 11 वर्षांचा एक मुलगाही होता. म्हणजे ही विद्या जन्मली तेव्हापासूनच मुलांपर्यंत पोहोचली होती, हे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे.

त्यानंतर बिअर आणि त्याचा सहायक हिल्डेब्रांट यांनी एकमेकांवरच प्रयोग केला. बिअरच्या अंगात औषध नीट गेलेच नाही. हिल्डेब्रांटच्या नडगीवर मात्र हातोड्याचे घाव घातले, केस उपटले, तरी त्याला काही कळले नाही. दुसऱ्या दिवसापासून दोघांनाही डोकेदुखीने हैराण केले. प्रकार थोडा आडदांड खरा. पण दुखते की नाही हे ज्याचे त्याला विचारून ठरविले गेले, हा त्यातला प्रामाणिकपणा आम्हांला आवडतो. मुलांच्या बाबतीत पुढे तेच घडले नाही.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील बालरुग्णालयातील टायरेल ग्रे याने 1909 साली मुलांना पाठीतून भूल दिल्याच्या 200 शस्त्रक्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला. दुसरी वाट माकडहाडाची. तेथील हाडाच्या खालच्या टोकाशी एक फट असते. तिच्यातून औषध सोडले की कमरेखालचा भाग बधिर होतो. ही वाट पॅरिसमध्ये 1901 साली उघडली गेली. मुलांमध्ये ही फट मोठ्यांपेक्षा सहज हाताला लागते. 1933 साली अमेरिकेतील मेरेडिथ कॅम्पबेल याने 83 मुलांवर ती वापरल्याचे लिहिले.

परंतु या साऱ्या खटपटीचा रोख ईथर आणि क्लोरोफॉर्म टाळण्याकडे होता. मूल टेबलावरून सुखरूप उतरले की काम संपले. खाटेवर नेल्यावर ते किती तळमळते, हा हिशेब कोणाच्याच वहीत नव्हता. माकडहाडाची वाट शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी वापरावी, असा लेख ब्रायन के या भूलतज्ज्ञाने लिहिला तो 1974 साली! मुलाला आधी झोपवावयाचे, मग सुई द्यावयाची, आणि जागे होताना त्याला वेदना नसावी, अशी ही योजना.

वहीतली जागा किती रिकामी होती, हे अमेरिकेतील एका परिचारिकेने दाखविले. जोॲन ईलँड हिने औषधांच्या नोंदी मोजल्या आणि 1977 साली त्या प्रसिद्ध झाल्या. शस्त्रक्रिया झालेल्या 25 मुलांना मिळून वेदनाशामकाच्या 24 मात्रा. त्यांपैकी 13 मुलांना एकही नाही. तशाच व्याधींच्या 18 प्रौढांना मात्र 671 मात्रा. पगारपत्रकावर अशी तफावत दिसती तर कारखान्याच्या दारात सभा भरली असती. येथे सभा भरविणारे चार ते आठ वर्षांचे होते.

तान्ह्यांची गत याहून वाईट. त्यांच्या मज्जातंतूंची पुरती वाढ झालेली नसते, म्हणून त्यांना वेदना नाही, असा समज होता. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ऑक्सफर्डला गेलेल्या कन्वलजीत आनंद यांनी सहकाऱ्यांसह 1987 साली तो खोडून काढला. पूर्ण दिवस न भरलेल्या बाळांच्या शस्त्रक्रियेत वेदनाशामक दिले नाही, तर शरीरातील ताणाची रसायने कितीतरी अधिक उसळतात आणि नंतरचे उपद्रवही वाढतात, असे त्यांनी मोजून दाखविले. बाळ बोलत नव्हते, पण त्याचे रक्त बोलत होते.

यानंतर सुईला नवे दिवस आले. सात देशांतील 28 रुग्णालयांत 722 तान्ह्या बाळांच्या अंतर्गळाच्या शस्त्रक्रिया पाहिल्या गेल्या. काहींना पूर्ण भूल, काहींना जागेपणी पाठीतून बधिरता. 2019 साली पाच वर्षांच्या वयाचा निष्कर्ष आला, तेव्हा दोन्ही गटांच्या बुद्धिमत्तेत फरक आढळला नाही. तासाभराच्या भुलीने मुलाची बुद्धी मंदावेल काय, या भीतीला तेवढे उत्तर मिळाले.

आता घरच्या माणसांच्या उपयोगाची एक गोष्ट. माकडहाडाच्या एका सुईचा असर काही तासांचाच असतो. सकाळी शस्त्रक्रिया झालेले मूल दुपारी हसतखेळत घरी येते आणि रात्री रडू लागते. तेव्हा बधिरता ओसरण्यापूर्वीच कोणते औषध, किती आणि कधी द्यावयाचे, हे रुग्णालयातून निघतानाच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे.