काखेतला पहारेकरी

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमधले सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ साली स्तनाच्या कर्करोगावरच्या आपल्या ५० शस्त्रक्रियांचा अहवाल छापला. कर्करोग स्तनातून काखेत आणि तिथून पुढे टप्प्याटप्प्याने सरकतो, असं ते मानत. म्हणून स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिका ग्रंथी, सगळंच काढायचं. पुढची सत्तरेक वर्षं हीच रीत चालली. नंतर छातीचे स्नायू वाचले, पण काख साफ करणं सुटलं नाही.

या ग्रंथी काढल्या की हातातल्या द्रवाचा निचरा बिघडतो आणि काहीजणींचा हात कायमचा सुजतो. माझ्या मावशीचा उजवा हात तसा आहे; त्यात बांगडी चढत नाही. तिची शस्त्रक्रिया २००५ सालची. काढलेल्या एकाही ग्रंथीत कर्करोग निघाला नव्हता. मग त्या काढल्या कशाला, म्हणून मी हे वाचायला लागलो.

उत्तर साधं आहे. आत काय आहे, हे काढून तपासल्याशिवाय कळत नसे. यावरची युक्ती इतर कर्करोगांवर काम करणाऱ्यांकडून आली. १९७७ साली रामोन काबान्यास यांनी शिश्नाच्या कर्करोगात 'सेंटिनेल', म्हणजे पहारेकरी ग्रंथीची कल्पना मांडली. १९९२ साली डोनाल्ड मॉर्टन यांनी मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात निळा रंग टोचून ती शोधली. रंग ज्या ग्रंथीत सर्वांत आधी पोचतो, ती पहारेकरी. कर्करोगही त्याच वाटेने जाणार. ती स्वच्छ असेल, तर मागच्याही बहुधा स्वच्छ. स्तनासाठी डेव्हिड क्राग यांनी १९९३ साली किरणोत्सारी द्रव्य वापरलं, तर आर्मांडो जुलियानो यांनी १९९४ साली निळा रंग.

पण 'बहुधा'वर किती विसंबायचं? आमच्या धंद्यातही जुना कोड काढायला कोणी धजत नाही. कशाला धक्का लागेल, सांगता येत नाही. इथे तर जिवाचा प्रश्न. अमेरिकेतल्या बी-३२ या चाचणीत ५,६११ स्त्रिया सामील झाल्या. पहारेकरी ग्रंथी स्वच्छ असलेल्यांपैकी एका गटाच्या बाकीच्या ग्रंथी काढल्या, दुसऱ्या गटाच्या ठेवल्या. जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. हा निकाल आला २०१० साली.

पुढच्या झेड-००११ चाचणीत जुलियानोंनी आणखी अवघड प्रश्न विचारला: एक-दोन पहारेकरी ग्रंथींत कर्करोग सापडला, तरी बाकीच्या ठेवल्या तर? या स्त्रियांचा स्तन राखून फक्त गाठ काढली होती आणि पुढे रेडिएशन दिलं जाणार होतं. १,९०० जणी हव्या होत्या, मिळाल्या ८९१. दहा वर्षांनी ग्रंथी ठेवलेल्यांपैकी ८६.३ टक्के जिवंत होत्या, काढलेल्यांपैकी ८३.६ टक्के; म्हणजे ठेवल्याने तोटा झाला नाही.

शोधनिबंधांवर सर्जनांची नावं आहेत. काखेत कर्करोग आहे हे ठाऊक असूनही, तो काढायचा की ठेवायचा हे चिठ्ठीवर सोडायला तयार झालेल्या त्या ८९१ जणींची नावं कुठेच नाहीत. आज अनेकींचे हात शाबूत राहतात, ते त्यांच्यामुळे.