प्रेक्षकांची परदेशयात्रा

खडकवासल्याच्या धरणाकांठीं संध्याकाळीं जी चौपाटी भरते, तेथें भाजलेलें कणीस खात बसलों असतां आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आपल्या कतारच्या प्रवासाची हकीकत आम्हांस सांगितली. २०२२ सालच्या नोव्हेंबरांत जागतिक फुटबॉल स्पर्धा पाहण्यासाठीं तो पदरचे पैसे खर्चून दोहा येथें गेला होता. २२ तारखेस लुसैलच्या मैदानावर अर्जेंटिनाचा निळा-पांढरा सदरा घालून तो बसला असतां सौदी अरेबियानें त्या बलाढ्य संघास २-१ असें हरविलें. शेजारच्या एका सौदी गृहस्थानें आनंदाच्या भरांत त्यास मिठी मारली आणि विचारिलें, "पण तुमचा स्वतःचा संघ कोठें आहे?" या प्रश्नास आमच्या विद्यार्थ्याजवळ उत्तर नव्हतें. खरें सांगावयाचें तर तें आमच्याजवळहि नव्हतें. म्हणून घरीं परतल्यावर आम्ही इतिहासाकडे वळलों.

खेळ पाहण्यासाठीं सरहद्द ओलांडणें हा कांहीं आजचा छंद नव्हे. ही स्पर्धा १९३० सालीं उरुग्वेच्या मोंटेव्हिडिओ शहरीं प्रथम भरली, तेव्हां युरोपांतून अवघे चार संघ आले. त्यांपैकीं फ्रान्स, बेल्जियम व रुमानिया हे तिघे 'कोंते व्हेर्दे' या एकाच आगबोटीनें. परंतु ३० जुलैच्या अंतिम सामन्यासाठीं शेजारच्या अर्जेंटिनांतून हजारों प्रेक्षक ला प्लाता नदीचें विस्तीर्ण मुख ओलांडावयास निघाले. धुक्यामुळें कित्येकांच्या बोटी वेळेवर पोंचल्याच नाहींत. जे पोंचले त्यांची शस्त्रांसाठीं झडती झाली. उरुग्वेनें सामना ४-२ असा जिंकला; परंतु आपल्या संघामागें समुद्रासारखी नदी ओलांडणारा समाज त्या दिवशीं जगास दिसला. ९२ वर्षांनीं मोटारी घेऊन वाळवंटांतील सरहद्द ओलांडणारे सौदी प्रेक्षक याच परंपरेंतले.

आपल्या देशांतहि असें घडलेलें आहे. २९ जुलै १९११ रोजीं कलकत्त्यास मोहन बागान संघानें ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या शिपायांस आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यांत २-१ असें हरविलें. खास आगगाड्यांनीं व बोटींनीं लोक आले होते. ज्यांस मैदान दिसत नव्हतें त्यांस पतंग उडवून गोलांची वार्ता कळविली जात होती. जिंकणारे बहुतेक सारे अनवाणी खेळले.

मग असा देश मागें कां राहिला? १९५० सालीं ब्राझीलच्या स्पर्धेंत इटली, स्वीडन व पॅराग्वे यांच्या गटांत भारताचें नांव पडलें होतें. संघ गेला नाहीं. अनवाणी खेळण्यास बंदी झाली म्हणून आपण गेलों नाहीं, ही कथा घरोघर सांगितली जाते. परंतु फुटबॉल महासंघानें त्या वेळीं संघनिवडीचे मतभेद व सरावास अपुरा वेळ हीं कारणें दिलीं होतीं. ऑलिंपिकपुढें या स्पर्धेचें मोल तेव्हां कोणास फारसें वाटतच नव्हतें. संघ कां जात नाहीं, असें मोठ्यानें विचारणारा प्रेक्षक असता तर, असें आम्हांस राहून राहून वाटतें.

मूठभर प्रेक्षकांचें मोल काय, हें १९६२ सालीं जाकार्ता येथें दिसलें. ४ सप्टेंबर रोजीं आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत भारताची गांठ दक्षिण कोरियाशीं पडली. यजमानांनीं इस्राएल व तैवान यांस वगळलें, त्यावर एका भारतीय पदाधिकाऱ्यानें आक्षेप घेतला होता. त्यामुळें सारें मैदान आपल्याविरुद्ध खवळलें होतें. आपल्या बाजूनें ओरडणारे त्या गर्दींत थोडके, आणि त्यांत पाकिस्तानचा हॉकी संघ होता! भारतानें सामना २-१ जिंकला.

पुढल्या रविवारीं त्याच जागीं आम्ही हें सारें विद्यार्थ्यास सांगितलें. पण सांगतां सांगतां आम्हांस आमचीच लाज वाटूं लागली. २०१४ सालीं आमच्याच शहरांत एफ. सी. पुणे सिटी हा संघ निघाला होता. त्याचे सामने बालेवाडीच्या क्रीडासंकुलांत होत. २०१९ सालीं तो बंद पडला. पैशाची अडचण होती हें खरें. परंतु तेवढ्या वर्षांत आम्ही बालेवाडीस किती वेळां गेलों? एकदांहि नाहीं. विद्यार्थ्यास विचारिलें, तेव्हां तो कांहीं वेळ पाण्याकडे पाहत राहिला व म्हणाला, "सर, मी दोनदां गेलों होतों; आणि एकदां तर मध्यंतरांतच परत आलों."

त्याची दोह्याची यात्रा व्यर्थ गेली असें आम्ही म्हणणार नाहीं. दुसऱ्यांचा आनंद जवळून पाहिल्यावांचून आपल्या घरचें उणें कळत नाहीं, आणि तें कळण्यासाठीं त्यानें मोजलेले पैसे आम्हांस फार वाटत नाहींत. परंतु पंढरीस जाणारा वारकरी आपल्या गांवच्या देवळांतील दिवा विझूं देत नाहीं. सौदी गृहस्थाच्या प्रश्नाचें उत्तर खेळाडूंनीं द्यावयाचें तें खरेंच. पण त्याचा कांहीं भाग आपल्या घरापासून तासाभराच्या वाटेवर आहे, आणि तेथें जाण्यास पारपत्र लागत नाहीं. पुढच्या हंगामांत शहरांतील साध्या स्थानिक सामन्यास दोघांनीं मिळून जावयाचें, आणि शेवटची शिटी होईपर्यंत बसावयाचें, असें त्या संध्याकाळीं ठरलें.