संशय, प्रतीक्षा आणि चित्र : गायतोंडे व बरवे यांच्या चित्रप्रक्रियेचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :

कलेच्या इतिहासलेखनात चित्रे, शैली, संप्रदाय व आश्रयदाते यांची दखल घेतली जाते. चित्र पूर्ण होण्यापूर्वी चित्रकाराच्या मनात जो संशय व अनिर्णय असतो, त्याची नोंद मात्र क्वचितच होते. प्रस्तुत निबंधात वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) आणि प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांच्या आधारे या अनिर्णयाचे स्वरूप तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

१८५७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ब्रिटिश अकादमिक पद्धतीचे शिक्षण रुजले. रेखाटन, छायाप्रकाश व रंगलेपन असा या पद्धतीचा क्रम होता. संशयाला येथेही स्थान होते, परंतु ते कच्च्या आराखड्यांपुरते. अंतिम चित्रात त्याच्या खुणा दिसणे हा दोष समजला जाई. युरोपात हा क्रम मोडणाऱ्यांत पॉल सेझान प्रमुख होय. १८९९ मध्ये त्याने आंब्रोआज व्होलार याचे व्यक्तिचित्र शंभराहून अधिक बैठकांनंतरही अपूर्णच ठेवले. हातावरील दोन लहान जागा त्याने रंगविल्या नाहीत, कारण तेथे चुकीचा रंग पडल्यास संपूर्ण चित्राचा पुनर्विचार करावा लागेल, अशी त्याची भूमिका होती.

गायतोंडे : पृष्ठभागावरील अनिर्णय

गायतोंडे यांनी १९४८ मध्ये जे. जे.मधील पदविका पूर्ण केली. १९५० च्या दशकाअखेर त्यांच्या चित्रांतून मानवाकृती व वस्तू लोप पावल्या. स्वतःच्या चित्रांना ते 'अमूर्त' न म्हणता 'वस्तुनिरपेक्ष' म्हणत. येथे एक मूलभूत प्रश्न उद्भवतो. समोर वस्तूच नसेल, तर साम्य हा निकष उरत नाही. मग चित्र बरोबर आहे, किंवा पूर्ण झाले आहे, हे कशावरून ठरवायचे? रोलर व पॅलेट नाइफने रंगाचे थर चढविणे, त्यांतील काही काढून टाकणे व पुन्हा थांबून पाहणे, ही त्यांची कार्यपद्धती या प्रश्नाशी सुसंगत आहे. वर्षाकाठी त्यांची मोजकीच चित्रे पूर्ण होत.

येथे एक आक्षेप संभवतो. गायतोंडे यांचे मौन झेन विचाराशी जोडले जाते; त्यास संशय म्हणणे योग्य ठरेल काय? चित्रसंख्या अल्प आहे एवढ्यावरून संशय सिद्ध होत नाही, हे मान्य करावे लागेल. तथापि निर्णय शेवटपर्यंत खुला ठेवणे हा प्रक्रियेचा भाग होता, असे चित्रपृष्ठावरूनच म्हणता येते. त्यांच्याबाबतीत संशयाने अस्वस्थतेऐवजी प्रतीक्षेचे रूप घेतले.

बरवे : कागदावरील अनिर्णय

बरवे यांचा मार्ग वेगळा होता. त्यांनी कॅनव्हाससाठी इनॅमल रंग वापरला. त्याच्या गुळगुळीत, सपाट पृष्ठभागावर केलेली दुरुस्ती सहज लपत नाही. त्यामुळे विचाराचा मोठा भाग कॅनव्हासपूर्वीच करणे क्रमप्राप्त होते. त्यांच्या डायऱ्यांतील टिपणे व रेखाटने या दृष्टीने महत्त्वाची आहेत. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कोरा कॅनव्हास' या ग्रंथाचे शीर्षकही निर्णयापूर्वीच्या अवस्थेकडेच निर्देश करते. अकादमिक चित्रकाराचा आराखडा ठरलेल्या विषयाची तयारी करी. बरवे यांची डायरी विषय कोणता, हाच प्रश्न विचारते.

निष्कर्ष :

गायतोंडे यांचा अनिर्णय रंगाच्या थरांत, तर बरवे यांचा डायरीच्या पानांत साठला आहे. दोघांच्याही बाबतीत तो कौशल्याच्या अभावातून आलेला नाही. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतील लिलावात गायतोंडे यांच्या एका चित्रास सुमारे २३ कोटी ७० लाख रुपये मिळाले. तेव्हापासून त्यांच्या चित्रांच्या दुर्मीळतेची चर्चा वाढली. ती दुर्मीळता ज्या संथ प्रक्रियेतून आली, तिची तितकी झाली नाही. दुसरीकडे, आपल्या चित्रकला परीक्षांत ठरावीक तासांत पूर्ण झालेल्या चित्रासच गुण मिळतात. विद्यार्थ्याची टिपणवही, खोडलेली रेखाटने व अर्धवट प्रयत्न यांनाही मूल्यमापनात स्थान दिल्यास या इतिहासाचा अध्यापनात प्रत्यक्ष उपयोग होईल. अभ्यासकांनीही चित्रांइतकीच चित्रकारांच्या वह्या व डायऱ्या यांच्या जतनाची निकड ओळखली पाहिजे.