पॅरिस, १७८९: नकाशावर रेघ मारताना

नोव्हेंबर १७८९. पॅरिसमधल्या एका टेबलावर कासिनी घराण्यानं केलेला फ्रान्सचा नकाशा पसरलाय आणि त्याची कड धरून तुम्ही उभे आहात. इतका तपशील तुम्ही आजवर एका कागदावर पाहिलेला नाही. खेडी, पवनचक्क्या, ओढे, जंगलं. या घराण्याच्या पिढ्या त्यावर खपल्या आहेत.

शेजारी, जुने प्रांत मोडून देशाचे नवे विभाग पाडण्यासाठी राष्ट्रीय सभेतल्या तूरे यांच्या समितीनं केलेला आराखडा. अठरा लीग लांब, अठरा लीग रुंद असे देशाचे ८० चौकोन, पॅरिस वेगळं. प्रत्येकाचे नऊ भाग, त्या भागांचे पुन्हा नऊ. याला सभासद मिराबोंनी सभेत कडाडून विरोध केलाय. जमीन कसली मोजता, माणसं मोजा, हा त्यांचा मुद्दा. तुम्हालाही तो पटतो. ओसाड डोंगर आणि गजबजलेलं खोरं एकाच मापात बसवणं अन्यायाचंच.

प्रांतोप्रांतीचे प्रतिनिधी नकाशावर वाकतात. जुन्या सीमांवर बोटं ठेवून अडून बसतात. सरळ रेघा मोडतात, नद्यांच्या कडेनं वळतात. ब्रिटनीची बाहेरची सीमा बरीचशी टिकते, पण आत पाच तुकडे पडतात. नॉर्मंडीचेही पाच. मुख्य ठाण्याला एका दिवसात पोचता आलं पाहिजे, या विचाराशी मात्र कुणी भांडत नाही. फेब्रुवारी १७९० मध्ये ८३ विभाग पक्के होतात.

आता छत्तीस वर्षं पुढं या. १८२६ साली फ्रेंच गणितज्ञ शार्ल द्युपँ यांनी बहुतांशी याच विभागांवर शाळकरी मुलांचं प्रमाण रंगवलंय. शिक्षण जितकं कमी, तितकी छटा गडद. आकडे असे छटांनी दाखवणारा हा पहिला ज्ञात नकाशा. सँ-मालोपासून जिनिव्हापर्यंत नजर फिरवा. त्या रेघेच्या वर उजेड, खाली काळोख. फ्रान्सचे दोन फ्रान्स झालेले दिसतात, आणि ते दिसतात कारण कुणीतरी आधी तुकडे पाडले होते. ब्रिटनीला पाच आकडे मिळाले. अख्ख्या प्रांताची एकच सरासरी काढली असती, तर एखाद्या भरभराटीच्या बंदरामागं कित्येक खेडी दडली असती.

जरा जवळ वाका. ऱ्होन विभागात ल्योन शहर आणि बोज्योलेचे डोंगर एकाच छटेत आहेत. तिथल्या विणकराचं आणि शेतकऱ्याचं पोर या कागदावर वेगळं ओळखू येत नाही. हा तुकडा अजून बारीक हवा होता. तरी तुकडे टिकले: युरोपीय संघाच्या आकडेवारीत फ्रान्सचे तिसऱ्या पातळीवरचे भाग आजही बहुतांशी हेच विभाग आहेत.