डोल मासेमारी आणि हवामानबदल

उत्तर कोकणातील कोळीवाड्यांत डोल जाळ्यांवर चालणारी पारंपरिक मासेमारी आणि बदलत्या हवामानात ती टिकवण्यासाठी मच्छीमार कुटुंबांनी केलेले बदल यांचा हा आढावा आहे. डोल हे शंकूच्या आकाराचे, पिशवीसारखे जाळे असते. ते भरती-ओहोटीच्या प्रवाहासमोर तोंड करून समुद्रात बांधून ठेवतात. त्यात बोंबील, जवळा, करंदी, मांदेली अशी मासळी येते. जाळे जागचे हलत नसल्याने दूर सरकलेल्या मासळीचा पाठलाग करता येत नाही, आणि हीच या पद्धतीची मोठी अडचण आहे.

त्यात वादळांची भर पडली आहे. १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या सुमारे ५२ टक्क्यांनी वाढली. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ‘क्यार’ आणि ‘महा’ ही वादळे एकापाठोपाठ आली, तर जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. इशारा मिळताच जाळी उचलावी लागतात. डोलीला जोराचा प्रवाह लागतो, म्हणून उधाणाचे दिवस हुकले तर पुढच्या उधाणापर्यंत तशी मासळी मिळत नाही. त्यामुळे मोबाइलवरील हवामान सूचना पाहून निघणे आणि मासळी दूर सरकल्यास यांत्रिक होडीने जाळी अधिक खोल पाण्यात नेणे हे बदल रूढ झाले. त्यात डिझेलचा खर्च मात्र वाढतो.

खरा ताण किनाऱ्यावर, वाळवणीत जाणवतो. बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून त्यांच्या जोड्या बांबूच्या वलांडीवर टांगतात. हे काम आणि सुक्या मासळीची विक्री प्रामुख्याने स्त्रिया करतात. बोंबलात पाणी फार, त्यामुळे अवकाळी पावसाची एक सरही माल नासवते. असा माल मातीमोल भावाने खतासाठी किंवा कुटीसाठी (मासळीच्या भुकटीसाठी) विकावा लागतो. उपाय म्हणून ताडपत्र्या, जमिनीपासून उंच मांडण्या आणि काही ठिकाणी सौर वाळवणी यंत्रे वापरली जातात. आपत्ती मदतीचे निकष मात्र प्रामुख्याने होड्या आणि जाळ्यांच्या नुकसानीवर बेतलेले आहेत. वलांडीवर भिजलेल्या मासळीचे नुकसान, म्हणजेच स्त्रियांच्या श्रमाचे मोल, त्यात धरले जात नाही. ही उणीव गंभीर आहे.

पूरक उत्पन्नासाठी राज्याच्या कांदळवन कक्षाने २०१७ पासून खाडीतील खेकडापालन, कालवे व शिणाण्यांची शेती आणि निसर्ग पर्यटन यांना अर्थसाहाय्य दिले. या योजनेत कांदळवनाचे रक्षण ही गावाची जबाबदारी मानली जाते. खाडीकाठच्या गावांना हे पर्याय मानवतात. उघड्या समुद्राला लागून असलेल्या, कांदळवन नसलेल्या कोळीवाड्यांना त्यांचा फारसा उपयोग होत नाही.